जुनी मैत्रीण, सुट्टी आणि लोणावळा लोकल

डिसेंबर लागला की वस्तीत फोन वाजू लागतात. पर्वती पायथ्याची मैत्रीण ताडीवाला रोडला दोन दिवस राहायला येते, बोपोडीचा मित्र रामटेकडीला चक्कर टाकतो. ज्यांची तीस-तीस वर्षांची ओळख आहे ते मात्र "एकदा कुठंतरी जाऊन येऊ" असे म्हणत पुढची दहा वर्षे काढतात. आरोग्याच्या पानावर ताप, खोकला, डेंग्यू सोडून हे काय काढले, असे वाचक विचारतील. या महिन्यात आम्ही मुद्दामच हा विषय घेतला आहे. सुट्टीतल्या भेटीगाठी आणि जुन्या सोबत्याबरोबरचा एक दिवसाचा प्रवास यांचा शरीराशी बराच संबंध आहे. थोडा काळजीचा आहे, पण बराचसा आनंदाचा आहे.

आनंदाचे आधी सांगतो. २०१० साली अमेरिकेतील संशोधकांनी १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती होती. ज्यांची माणसांत ऊठबस होती, नाती घट्ट होती, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त दिसली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये सांगितले की जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा छळतो आणि त्याच्याशी जोडलेले मृत्यू तासाला सुमारे १०० इतके आहेत. वस्तीत भिंतीला भिंत लागून घरे असतात, इथे कोण एकटे, असे वाटेल. पण मुले कामावर, सून कामावर, नातवंडे मोबाईलवर, आणि म्हातारी दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत असते. तिला नावाने, तेही लहानपणच्या नावाने, हाक मारणारे माणूस भेटले की चेहरा कसा बदलतो ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. कल्याणमित्र हा शब्द आपल्याला विहारात नेहमी ऐकू येतो. चांगली मैत्री म्हणजे धम्मजीवनाचा अर्धा भाग, असे आनंद म्हणाला तेव्हा अर्धा नव्हे, सगळाच, असे भगवंतांनी त्याला सांगितल्याचे सुत्तात आहे. मात्र बी.पी.ची गोळी सोडून मैत्रीण धरली तर चालणार नाही. दोन्ही धरा.

आता काळजीचे. पहिला धोका चहाचा. वस्तीत पाहुणी आली की ती एका घरची राहत नाही. पाच घरी जाते आणि पाच घरी चहा होतो. एका कपात दोन छोटे चमचे साखर धरली तर साधारण १० ग्रॅम होतात, म्हणजे पाच कपांत ५० ग्रॅम. मोठ्या माणसाने दिवसभरात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत, आणि जमल्यास २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे बुंदीच्या लाडवाला हात लावायच्या आधीच दिवसाचा कोटा संपला! ज्यांना शुगर आहे त्यांनी तर हा हिशेब अंगठ्यावर ठेवावा.

पण नाही म्हणायचे कसे? यजमानीण दुखावते. आमचा अनुभव असा की नकार चहा समोर आल्यावर दिला तर वाया जातो. आपल्याकडे एकाच पातेल्यात साखर घालून चहा उकळतो, मग बिनसाखरेचा कुठून आणणार? पातेले गॅसवर चढण्याआधी सांगावे, "माझा साखर घालायच्या आधी काढून ठेव गं." आणि हे स्वतः सांगण्यापेक्षा सोबतच्या मैत्रिणीने सांगितले तर फार सोपे जाते. "तिला शुगर आहे, तिचा वेगळा ठेवा," असे तिसऱ्याने म्हटले की मान राहतो आणि साखरही टळते. गुळाचा चहा चालतो, असे पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. तो चालत नाही. गुळानेही शुगर वाढतेच. बी.पी.वाल्यांसाठी हीच गोष्ट फरसाण, पापड आणि लोणच्याची. दिवसाला सगळे मिळून ५ ग्रॅम मीठ, म्हणजे एक लहान चमचा, पुरे असते. फरसाणाची वाटी दोघांच्या मध्ये ठेवून गप्पा रंगल्या की किती खाल्ले ते कळत नाही.

घरोघरच्या भेटी झाल्या की एक दिवस बाहेर काढा. फार लांब जायला नको. पुणे-लोणावळा लोकलची वाट म्हणजे आपल्यासाठी सहलच आहे. देहूरोडला उतरलात तर तिथल्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी खुद्द बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या तारखेला गर्दी मोठी असते. गुडघे दुखणाऱ्यांनी दुसरा दिवस निवडला तरी मूर्ती तीच आहे. पुढे तळेगाव दाभाडे, तिथे बाबासाहेबांचा बंगला. आणखी पुढे मळवली. तिथून चालत जाण्याजोग्या अंतरावर भाज्याची लेणी आहेत, दोन हजार वर्षांहून जुनी. एकंदर २२ लेणी, मोठे चैत्यगृह, आणि एका बाजूला शेजारी शेजारी उभे असलेले १४ स्तूप. त्यांतल्या काहींवर थेरांची नावे कोरलेली आहेत. जुने सोबती ओळीने उभे असावेत असे ते दिसतात. त्याच मळवलीवरून कार्ल्यालाही जाता येते, पण तिथे पायऱ्या जास्त आणि सुट्टीला गर्दी भारी. दोन्ही एका दिवसात उरकण्याचा हट्ट साठीच्या पुढच्यांनी करू नये. दुपारी लोकल कमी असतात, म्हणून परतीची वेळ आधीच विचारून ठेवावी.

लोकलमध्ये शौचालय नसते. ही साधी गोष्ट आरोग्याला फार महाग पडते, विशेषतः बायकांना. वाटेत जायला मिळणार नाही म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग लघवीला जळजळ, डोके दुखणे, बद्धकोष्ठ, आणि पुढच्या आठवड्यात मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग. थंडीत तहान लागत नाही म्हणून हे लक्षातही येत नाही. उपाय असा: निघण्याआधी आणि उतरल्यावर जाऊन यावे, पाणी घोट-घोट पीत राहावे, आणि जिथे स्वच्छ सोय दिसेल तिथे लाज न धरता थांबावे. एकटी बाई थांबायला संकोचते. दोघी असल्या की एक बाहेर उभी राहते, दुसरी आत जाते. मैत्रिणीचा हा उपयोग कोणत्याही अभ्यासात लिहिलेला नाही. लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर प्रवासाच्या दिवशी ती किती वाजता घ्यावी हे आधी डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने बुडवू नका.

पाण्यावरून आणखी एक सांगायचे आहे. भाज्याच्या लेण्यात पाण्याची टाकी आहेत. त्यातले एक महारठी विण्हुदत्ताने दान दिल्याचे तिथे कोरले आहे. वाटसरूला पाणी मिळावे, ही दोन हजार वर्षांपूर्वीची सोय. आणि १९३४ साली बाबासाहेब चळवळीतल्या तीसेक सोबत्यांना घेऊन वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. तीही एक सहलच होती. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी प्रवासाची धूळ झटकायला त्यांनी हौदाच्या पाण्याने हात-पाय, तोंडे धुतली, तर हौद बाटवला म्हणून शिवीगाळ सुरू झाली. शेवटी, आत कुठेही पाण्याला हात लावू नये म्हणून बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन त्यांना किल्ला दाखवला गेला. हा प्रसंग बाबासाहेबांनीच लिहून ठेवला आहे. आज आपण तिकीट काढून, बाटली घेऊन, हसत-खिदळत लेण्यात जातो. म्हणून बाटली भरून न्या आणि त्यातले पाणी प्याही. टाक्यातले पाणी आता पिण्यासारखे नसते, ते फक्त पाहायचे.

पिशवीत काय असावे? गोळ्या दिवसाच्या हिशेबाने नव्हे, एक दिवस जास्तीच्या. चिठ्ठीवर आपले नाव, आजार, गोळ्यांची नावे आणि घरचा फोन नंबर. मोबाईल बंद पडतो, चिठ्ठी पडत नाही. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ चुकवू नये. गप्पांत दोन वाजतात आणि मग अचानक घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, विनाकारण चिडचिड होते. ही शुगर उतरल्याची खूण. तेव्हा तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायला द्यावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी, आणि बरे वाटल्यावर भाकरी-चपाती खाऊ घालावी. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट १०८ ला फोन करा. म्हणून साखरेची पुडी पिशवीत हवीच, आणि ती कुठल्या कप्प्यात आहे हे सोबत्याला ठाऊक हवे.

आता पायऱ्या. चढताना किती वेगाने चढावे यासाठी घड्याळ लागत नाही, मैत्रीण लागते. बोलता बोलता पूर्ण वाक्य दम न लागता म्हणता आले तर वेग बरोबर आहे. वाक्य मध्येच तुटू लागले तर थांबा, बसा, खालचा मळवलीचा पट्टा बघा. दोघींच्या गप्पा चालू आहेत तोवर चिंता नाही. नेहमी बडबडणारी गप्प झाली तर तिच्याकडे वळून पाहा. छाती आवळल्यासारखी वाटणे, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे जाणे, गार घाम, मळमळ, यांतले काहीही झाले तर एक पायरीही वर चढू नये. बायकांना, आणि शुगर असलेल्यांना, कधी कधी छातीत दुखतही नाही. नुसता दम लागतो, गळून गेल्यासारखे होते. तिथल्या तिथे बसवा, १०८ ला फोन करा. ती रुग्णवाहिका मोफत आहे. "गॅस झालाय, सोडा पिऊन बघू" या एका वाक्याने आपल्याकडे किती माणसे उशिरा दवाखान्यात पोहोचतात! गॅस आहे की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या.

गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणे जड जाते. चढताना चांगला पाय आधी वर टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी खाली. काठी नेण्यात कमीपणा नाही. फोटोपुरती ती मैत्रिणीकडे द्यावी.

दुखण्यावरून आठवले. जुन्या सोबत्यांत एक फार वाईट सवय असते, ती म्हणजे गोळ्यांची देवाणघेवाण. "माझी घे, मला हिनं लगेच आराम पडतो." गुडघेदुखीच्या बऱ्याच गोळ्या बी.पी. वाढवतात, मूत्रपिंडावर ताण आणतात, रिकाम्या पोटी जठराला इजा करतात. एकीला आराम देणारी गोळी दुसरीला दवाखान्यात पाठवू शकते. डबा वाटून खा, गोळ्या वाटू नका.

पुरुष मंडळींसाठी हीच गोष्ट पुडीची. दोन वर्षांपूर्वी तंबाखू सोडलेला माणूस जुन्या दोस्ताला भेटतो, दोस्त तळहातावर मळतो, आणि सवयीने अर्धी पुढे करतो. तेवढ्याने दोन वर्षे पाण्यात जाऊ शकतात. सोडलेल्याने भेटल्या भेटल्याच सांगून टाकावे, म्हणजे हात पुढे येणार नाही. लोणावळ्याला जाऊन 'बैठक' करण्याबद्दल आम्ही काय सांगणार? पाचवे शील सगळ्यांना पाठ आहे.

सगळ्यात मोलाचे मात्र वेगळेच आहे. घरची माणसे आपल्याला रोज बघतात, म्हणून त्यांना फरक दिसत नाही. वर्षाने भेटलेल्या मित्राला तो दारातच दिसतो. "अरे, किती वाळलास!" हे वाक्य हसण्यावारी नेऊ नका. डाएट न करता वजन उतरणे हे शुगरचे, क्षयाचे किंवा आणखी कशाचे लक्षण असू शकते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारणे, टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवणे, ओळखीचा रस्ता चुकणे, हेही पाहुण्याला आधी जाणवते. आणि डबा खाताना सोबत्याचे तोंड नीट उघडत नाही असे दिसले तर त्याला आपली तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगा. जात नसतील आणि तो गुटखा, सुपारी खात असेल तर दातांच्या डॉक्टरकडे त्याला स्वतः घेऊन जा. नुसते "दाखव हं" म्हणून तो जाणार नाही. पुढच्या भेटीचा दिवस तोच ठरवा. एक काम होईल आणि भेटही होईल.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरतील. कोमट पाणी, थोडे चालणे, रात्रीची पूर्ण झोप, यावर दोन-तीन दिवसांत त्या मोकळ्या होतात. दोन्ही पोटऱ्या दुखत असतील तर त्या पायऱ्या आहेत. एकाच पोटरीला सूज आली, ती लाल आणि गरम लागली, तर चोळत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.