वृक्ष : शहराचा अलंकार कीं आधार ?

मनुष्य गांव सोडून शहरांत येतो तो विद्येसाठीं, रोजगारासाठीं वा औषधोपचारासाठीं. झाडांची सावली शोधण्यासाठीं शहरांत कोणी येत नाहीं. म्हणूनच कीं काय, शहर वसवितांना रस्ते, गटारें व दिवे यांचा विचार प्रथम होतो आणि झाडांचा विचार सर्वांच्या शेवटीं, केवळ शोभेची वस्तु म्हणून होतो. ही समजूत चुकीची आहे, आणि त्या चुकीची किंमत आमच्या मुंबई शहरानें भरली आहे. ती हकीकत विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सांगावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

२६ जुलै २००५ या दिवशीं मुंबईवर जो पाऊस कोसळला त्याची आठवण अद्याप बुजलेली नाहीं. सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच अवधींत कुलाब्यास मात्र सुमारें ७३ मिलिमीटर पडला. रस्त्यांच्या नद्या झाल्या, आगगाड्या जागच्या जागीं थांबल्या, मुलें शाळांत व नोकरदार कचेऱ्यांत रात्रभर अडकून पडले आणि शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं. आज शाळेंत शिकणाऱ्या आमच्या वाचकांपैकीं कोणाचा त्या वेळीं जन्मही झाला नव्हता. परंतु घरांतील वडील मंडळींस विचारल्यास त्या रात्रीची एक तरी गोष्ट ऐकावयास मिळेल.

एवढें पाणी कोणत्याही शहरास सहज पचलें नसतें, हें खरें. पण पाण्यास जाण्याची वाट तरी होती काय ? शहराचीं जुनीं गटारें ताशीं सुमारें २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानें बांधलेलीं, आणि त्याच दुपारीं समुद्रास मोठी भरती. विहार व पवई तलावांच्या सांडव्याचें पाणी घेऊन सुमारें १८ किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीस मिळणारी मिठी नदी भराव, बांधकामें व कचरा यांनीं आकुंचित झालेली. पाणी आपली जुनी वाट विसरत नाहीं. ती अडविली कीं तें लोकांच्या घरांतून वाट काढतें.

असा प्रसंग पुनः येणार नाहीं असें समजून स्वस्थ बसतां येत नाहीं. कोळसा व खनिज तेल यांच्या ज्वलनामुळें पृथ्वीचें वातावरण तापत आहे. हवा एक अंश सेल्सिअसनें तापली म्हणजे ती सुमारें ७ टक्के अधिक बाष्प धारण करूं शकते. त्यामुळें थोड्या वेळांत फार पाऊस पडण्याचे प्रसंग वाढत जातात.

येथें झाडांचा व मातीचा संबंध कसा येतो, हें एका सोप्या प्रयोगानें कळेल. दोन परातींत एकेक पाट तिरपा ठेवावा; एकावर गुळगुळीत फरशी व दुसऱ्यावर गवतासह खणलेला मातीचा थर ठेवून दोहोंवर एकेक तांब्या पाणी ओतावें. फरशीवरचें पाणी क्षणांत खालीं उतरतें. मातीवरचें थोडें, आणि तेंही उशिरानें उतरतें. शहराचेंही असेंच आहे. जेथें जमीन मोकळी आहे तेथें पाणी मुरतें, व उरलेलें सावकाश गटारास मिळतें. ९४४ मिलिमीटर पाऊस कोणतीही बाग पिऊन टाकणार नाहीं. परंतु नेहमींच्या मुसळधार पावसांत गटार तुंबावें कीं वाहावें, हें पुष्कळदां या उशिरावरच अवलंबून असतें.

खाडीच्या चिखलांत वाढणारीं तिवराचीं व कांदळाचीं झाडें पुष्कळांस निरुपयोगी वाटतात. चिखलांत हवा नसते, म्हणून तिवराचीं मुळें पेन्सिलीसारखीं वर डोकें काढून श्वास घेतात. या मुळांच्या जाळ्यांत लाटांचा जोर मोडतो, गाळ अडतो आणि भरतीच्या पाण्यास पसरावयास जागा मिळते. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालींच कांदळवनांच्या तोडीस मनाई केली, व २०१२ सालीं राज्य शासनानें त्यांच्या रक्षणासाठीं वनखात्यांत स्वतंत्र कक्ष स्थापिला.

पाण्याप्रमाणेंच उन्हाचेंही आहे. माठांतलें पाणी गार कां होतें ? बाहेर झिरपणारें पाणी वाफ होऊन जातांना आंतली उष्णता घेऊन जातें. झाड हा असाच एक उभा माठ होय. मुळांनीं ओढलेलें पाणी पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून बाष्परूपानें बाहेर पडतें व भोंवतालची हवा निववितें. उलट सिमेंट व डांबर दिवसभर तव्याप्रमाणें तापून रात्रीं ती उष्णता परत देतात. म्हणून दाट वस्तींत पत्र्याच्या छपराखालीं मध्यरात्रींही जीव घाबरा होतो. ज्याच्या घरीं हवा थंड करणारें यंत्र आहे तो दार लावून घेतो. ज्याच्या घरीं तें नाहीं त्यास झाड हाच आधार.

गेलेली हिरवळ परत आणतां येते, याचाही दाखला मुंबईंतच आहे. धारावीजवळ मिठीच्या कांठीं जेथें एके काळीं शहराचा कचरा टाकीत असत, त्या ३७ एकर जागेवर झाडें लावून महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभारलें गेलें, आणि १९९४ सालीं तें लोकांस खुलें झालें. मार्च २०२२ मध्यें मुंबई महानगरपालिकेनें हवामानविषयक कृति-आराखडा जाहीर केला. त्यांत पूर व जलव्यवस्था यांच्या जोडीनें वृक्षराजीसही स्थान आहे.

आतां घरचें पाहूं. दर पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या आवारांत चिखल होतो, मुलांचे कपडे मळतात, आणि सर्व आवारास फरशी घालावी अशी सूचना पालकांकडून येते. त्यामागील कळकळ आम्ही जाणतों. तरी आमचें नम्र सांगणें असें कीं, जाण्यायेण्याच्या वाटेपुरती फरशी घालावी व उरलेली माती मातीच राहूं द्यावी. मळलेला सदरा धुतां येतो. फरशीखालीं गुदमरलेलें झाड परत आणतां येत नाहीं. झाडांच्या बुंध्यापर्यंत सिमेंट न घालतां आळें मोकळें ठेवावें. छपराचें पाणी शोषखड्ड्यांत सोडावें. नाल्यांत पिशव्या टाकूं नयेत. विद्यार्थ्यांनीं वर्गागणिक करंज, ताम्हण, बकुळ वा जांभूळ यांपैकीं एक रोप दत्तक घ्यावें. जुलैंत रोप लावणें सोपें आहे. पुढचे तीन उन्हाळे त्यास पाणी घालणें हें खरें वृक्षारोपण.

पुढील अतिवृष्टि केव्हां येईल हें आम्हांस सांगतां येत नाहीं. ती येईल तेव्हां आपल्या अंगणांतील माती पाणी पिण्यास मोकळी असेल कीं नाहीं, हें मात्र आपणांस आजच ठरवितां येतें.