दुर्बीण कपाटात जाते त्या दिवसांत

एप्रिल लागला की पुण्या-मुंबईकडची बरीच पक्षीवेडी मंडळी दुर्बीण पुसून कपाटात ठेवतात. भिगवणचे रोहित पांगायला लागतात, बदकं उत्तरेला गेलेली असतात, ऊन डोक्यावर येतं. मोसम संपला म्हणतात. मी त्याच दिवसांत वेंगुर्ल्याची गाडी पकडते. समुद्राचा मोसम तेव्हा कुठे सुरू होत असतो. कोकणच्या दर्यावरच्या पक्ष्यांबद्दल आपल्याला इतकं थोडं ठाऊक आहे, याचं मोठं कारण मला हेच वाटतं: आपण किनाऱ्यावर जातो ते थंडीत, आणि दर्यावरची पाखरं घर करतात ती उन्हाळ्यात.

वेंगुर्ला बंदर हे जुनं ठाणं. सतराव्या शतकात डचांनी इथे वखार घातली. तिच्या पडक्या भिंती अजून गावात उभ्या आहेत. बंदराच्या बाजूला डोंगराचं टोक समुद्रात घुसलेलं आहे आणि त्यावर दीपगृह आहे. सकाळी साडेसहाला त्या टोकावर बसावं. पाठीमागून मतलई वारा येत असतो, काजूच्या बोंडूंचा आंबूस वास घेऊन. खाली धक्क्याला रात्रीच्या होड्या लागत असतात. दहाच्या सुमाराला मतलई पडते, घटकाभर सगळं निपचित होतं आणि मग पश्चिमेकडून खारा वारा सुरू होतो. पाखरांचं वेळापत्रक या दोन वाऱ्यांवर चालतं. घारी खारा वारा सुटला की टोकाच्या कड्यावर पंख न हलवता तरंगतात. सुरय मात्र सकाळच्या निवांत पाण्यावरच जास्त मिळतात, कारण लाट नसली की वरून मासळी दिसते.

सुरय म्हणजे इंग्रजीतला टर्न. कुरवापेक्षा सडपातळ, शेपटी दुभंगलेली, चोच सुरीसारखी. बंदराच्या आडोशाला जाळ्यांचे तरंग बांधलेले असतात. त्यांच्यावर एप्रिलमध्ये दोन जातींचे तुरेवाले सुरय शेजारी शेजारी बसलेले असतात. एकाची चोच नारिंगी आणि दुसऱ्याची पिवळी, पिकल्या लिंबासारखी. नारिंगी चोचीचा इराणच्या आखाताकडे अंडी घालायला जातो, आपल्याकडे घालत नाही. पिवळ्या चोचीचा अंगानं थोराड. नर चोचीत तारली धरून मादीपुढे उभा राहतो, मान ताठ करतो, पंख जरासे खाली सोडतो. ती घेत नाही. तो जागा बदलून पुन्हा समोर येतो. एकदा मी हा प्रकार पाऊण तास पाहिला, शेवटी तिनं ती तारली गिळली आणि दोघं उडून गेले.

कुरवही एप्रिलमध्ये पाहावेत. थंडीभर ज्याच्या डोक्यावर डोळ्यामागे नुसता एक ठिपका असतो त्याचं डोकं आता पुरतं चॉकलेटी झालेलं असतं. हे तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या तळ्यांकडे निघालेले असतात, अंगावर लग्नाचा पोशाख चढवून. ओहोटीला खडपावर धावणारे छोटे चिखल्येसुद्धा तसेच. डिसेंबरात राखी-मळकट दिसणारा पक्षी आता छातीवर वीटकरी आणि डोळ्यावर काळा पट्टा घेऊन फिरतो. त्यांचंही घर हिमालयापलीकडच्या पठारावर. मे उजाडेपर्यंत थवे जातात, पण दोनचार मागे राहतात. ती बहुधा पहिल्या वर्षाची पिल्लं असतात. अजून वीण करायचं वय नाही, मग एवढा लांबचा प्रवास कशाला? ती सबंध पावसाळा इथेच काढतात. जूनमध्ये कुणी चिखल्या पाहिल्याचं सांगितलं, तर त्याची नोंद चुकीची ठरवायची घाई करू नये.

बंदरावरचा राजा मात्र बारमाही आहे. समुद्रगरुडाचं पोट पांढरं, पाठ राखाडी, शेपटी पाचरीसारखी. त्याची वीण थंडीत असते, त्यामुळे उन्हाळ्यात आकाशात तपकिरी पिल्लं दिसतात, अजून डौल न आलेली, आईबापांच्या मागे ओरडत फिरणारी. याच्या आहारात समुद्रसाप बराच असतो. रापण ओढून झाली की मासळी निवडताना सापडलेले साप कोळी बाजूला टाकतात. गरुड उंचावर घिरट्या घालत नेमकी ती वेळ धरतो. घरटं किनाऱ्याजवळच्या जुन्या, उंच झाडावर. वर्षानुवर्षं तीच जागा, दर वर्षी काटक्यांची भर. असं झाड पडलं की त्या जोडीची जागाच जाते. चिपळूणची ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था २००२ च्या सुमारास याच गरुडाच्या घरट्यांचा शोध घेत किनारा पालथा घालत होती. त्या फिरण्यात वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची फुटकी टरफलं दिसली. आज वेळासचा कासव महोत्सव पाहायला गर्दी लोटते, त्याची सुरुवात अशी एका पक्ष्याच्या मागे लागून झाली.

पण उन्हाळ्यात वेंगुर्ल्याला येण्याचं खरं कारण टोकावरून नीट दिसत नाही. हवा स्वच्छ असली की वायव्येला क्षितिजावर काही काळे ठिपके उमटतात. ते वेंगुर्ला रॉक्स. नकाशावर ‘बर्न्ट आयलंड’ असंही नाव आहे, स्थानिक माणूस नुसतं ‘रॉक’ म्हणतो. वेंगुर्ल्याहून आठ-नऊ सागरी मैल, निवतीहून बरंच जवळ. मोठ्या बेटावर दीपगृह, बाकी उघडे खडक. पिण्याचं पाणी नाही, झाड नाही. समुद्राच्या पाखराला हेच हवं असतं, कारण जिथे माणूस, मांजर, उंदीर टिकत नाही तिथे जमिनीवरचं अंडं टिकतं.

या खडकांचा बोभाटा जुना आहे. थॉमस जेर्डन यानं १८४० मध्ये निलगिरीतल्या कुन्नूरहून एका लहान पाकोळीचं वर्णन केलं. पुढे एकोणिसाव्या शतकातल्या लिखाणात तिच्या वस्तीची ठिकाणं म्हणून कानडी किनाऱ्याजवळचं नेत्राणी बेट आणि आपले वेंगुर्ल्याचे खडक यांची नावं येत राहिली. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला ठाऊक असलेला अ‍ॅलन ह्यूम १८७५ मध्ये ‘अँबरविच’ या जहाजावरून लक्षद्वीपच्या सफरीवर निघाला होता. त्या सफरीचा आणि पश्चिम किनाऱ्याचा वृत्तांत त्यानं आपल्या ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये छापला. त्याच नियतकालिकात १८८० मध्ये जी. डब्ल्यू. विडाल या मुलकी अधिकाऱ्यानं दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली यादी दिली. शंभर पानांच्या घरात जाणारं ते काम आहे. कचेरीची कामं सांभाळून इतकं पाहणाऱ्या त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

खडकांचा नीट अभ्यास करायला मात्र एक मुंबईकर यावा लागला. हुमायून अब्दुलअली (१९१४–२००१) यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये १९४० आणि १९४२ मध्ये वेंगुर्ला रॉक्सवरच्या पाकोळ्या आणि सुरय यांच्यावर लेख लिहिले. मुंबई राज्याच्या १९५१ च्या वन्यप्राणी-पक्षी संरक्षण कायद्यामागेही याच माणसाची धडपड होती. आजही त्या खडकांबद्दल बोलायचं तर आधी ते लेख काढावे लागतात. ऐंशी वर्षं उलटली तरी.

गेल्या मेमध्ये मी निवतीच्या एका होडीतून गेले. तांडेलकाकांनी आधीच बजावलं होतं, “बाय, दर्यो आज बरो आसा, पण अकराच्या आत मागे येवक व्हया.” भांगाचे दिवस होते, पाणी शांत. खडकाच्या जवळ जाताच पाकोळ्या दिसायला लागल्या, कपारींतून चाबूक मारल्यासारख्या बाहेर पडत आणि पुन्हा आत. आम्ही उतरलो नाही. घरट्यांच्या दिवसांत गुहेत पाय ठेवायचा नाही, हे मी स्वतःशी ठरवलेलं आहे.

ही पाकोळी तारेवर किंवा फांदीवर बसू शकत नाही. पाय इतके आखूड की ती फक्त भिंतीला चिकटून राहते. अंधाऱ्या गुहेत ती टिक-टिक आवाज काढते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधते. वटवाघळाचा असा आवाज माणसाला ऐकू येत नाही, हिचा येतो. विणीच्या दिवसांत तिच्या लाळग्रंथी फुगतात. ती लाळ भिंतीवर फासत, तिच्यात गवत, शेवाळ, पिसं गुंतवत ती वाटीच्या फाकेसारखं घरटं बनवते. दोन पांढरी अंडी. वाळलेल्या लाळेच्या याच घरट्यांचं सार चिनी श्रीमंतांच्या ताटात जातं, म्हणून त्यांना चांदीचा भाव. घरटं ओरबाडलं की ती दुसरं बांधते, तेही नेलं तर तिसरं. प्रत्येक वेळी अंगातून लाळ, आणि प्रत्येक वेळी पाऊस जवळ. उशिरा घातलेल्या अंड्यांना मग वादळ गाठतं. २००१ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्रच्या लोकांनी इथली घरट्यांची चोरी उघडकीला आणली. तोपर्यंत किती वर्षं, किती पिढ्यांची अंडी समुद्रात फेकली गेली असतील, या विचारानं माझं मन अजून कळवळतं.

परतताना एक गडद पाठीचा सुरय होडीवरून गेला. पांढरं पोट, काळी टोपी, आणि कपाळावरून डोळ्यामागे ओढलेली पांढरी रेघ. त्याच्या खालून डोळ्यातून जाणारा काळा पट्टा घोड्याच्या लगामासारखा, म्हणून नाव ब्रायडल्ड टर्न. हा खरा दर्यावर्दी. बंदरात येऊन तरंगांवर बसायची त्याला गरज वाटत नाही. वर्षातला मोठा काळ उघड्या समुद्रात काढायचा, आणि मे-जूनच्या सुमाराला खडकाच्या सांदीत एकच अंडं घालायचं. एकच. पिल्लू मोठं होईपर्यंत वर पाऊस कोसळत असतो.

ऐन वादळाच्या तोंडावर वीण का करायची, असं मला सुरुवातीला वाटे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांत केरळ-कर्नाटक किनाऱ्यालगत, गोव्यापर्यंत, खालचं थंड, पोषक पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांच्यामागे तारली-बांगड्याचे थवे येतात. पिल्लाला भूक लागायची ती नेमकी या सुगीत. आणि दुसरं म्हणजे त्या दिवसांत माणूस पोचत नाही. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पण बंदीशिवायही खवळलेला समुद्र लहान होडीला सोडत नाही. तांडेलकाका म्हणाले, “पावस इलो की रॉकार कोणी जायत नाय. मगे ती पाखरां आणि देव.” अभ्यासकाची अडचणही इथेच आहे. अंडी-पिल्लांचे महिने आणि होडी जाऊ शकण्याचे महिने एकमेकांना जेमतेम शिवतात. मेचे शेवटचे दोन आठवडे, बस्स. म्हणूनच थंडीत आखलेल्या सहलींतून या खडकांचं काही कळत नाही.

पाऊस सुरू झाल्यावर टोकावरून पाहण्यातही गंमत आहे. जूनच्या मध्यात दोनतीन दिवस पश्चिमेचा वारा लागून राहिला की खोल समुद्रातली पाखरं किनाऱ्याकडे ढकलली जातात. अंटार्क्टिकाच्या बाजूला वीण करणारी चिमणीएवढी विल्सनची स्टॉर्म पेट्रल, मास्क्ड बूबी, कधी फ्रिगेटबर्ड. थकलेला बूबी वाळूवर बसलेला आढळला तर लोक दयेनं त्याला उचलून पुन्हा पाण्यात सोडतात. तसं करू नये. तो तिथे बसलेला असतो कारण त्याच्यात पाणी कापायची ताकद उरलेली नसते. खोक्यात, अंधारात, शांत ठेवून वनखात्याला कळवावं.

३१ मेला संध्याकाळी मी टोकावर होते. खाली होड्या वाळूवर ओढून झावळ्यांनी शाकारायचं काम चाललं होतं. पोरं ओरडत दोर खेचत होती, इंजिनं उतरवून बैलगाडीएवढ्या हातगाड्यांवर घरी नेली जात होती. पश्चिमेला ढगांची काळी भिंत उभी होती आणि समुद्रावर पहिल्यांदाच एकही शीड नव्हतं. तेवढ्यात खालच्या बाजूनं पाच सुरय आले, गडद पाठीचे. पाण्याला लागून, वाऱ्याच्या तोंडात, ते रॉकच्या दिशेनं गेले. मी वहीत वेळ लिहिली: सहा वाजून अकरा मिनिटं. मग पाऊस आला.