पडद्यामागील संगणक

मुंबईच्या कचेरीतील कारकून केळशीच्या ओटीवर काम करीत असला, तरी त्याजपुढे केवळ पडदा असावा अशी योजना करता येते. खरा संगणक कचेरीच्या मुख्य यंत्रात चालतो. घरचे यंत्र बिघडले तरी दप्तर शाबूत! एकच यंत्रणा अनेकांनी वापरणे स्वस्त पडते. प्रत्येकास निराळा आभासी संगणक देणे महाग, परंतु एकाचा बिघाड दुसऱ्यास सहसा बाधत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली भाड्याचीही सोय केली. मात्र तिन्हींचा प्राण इंटरनेटमध्ये आहे. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळाने दापोली तालुक्यात वीज व दूरध्वनी बंद पाडले, तेव्हा असा पडदा निव्वळ काच होय. किनाऱ्यावरील नोकरास निदान पत्रे व हिशेब लिहिण्यापुरता स्वतंत्र संगणक द्यावा. जोडणी पूर्ववत् होताच ते काम कचेरीत धाडता येते.