पिवळे कार्ड आणि परतल्यानंतरचा ताप

साधारण जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान विल्डबीस्टचे कळप सेरेंगेटीतून केनियाच्या मसाई मारात येतात आणि तो सोहळा पाहायला आपल्याकडूनही अनेक कुटुंबे निघतात. पूर्वी अशी सहल म्हणजे पर्यटन कंपनीच. आता विमानाचे तिकीट, केनियाची ऑनलाइन प्रवास परवानगी, तंबूतला मुक्काम, जीप आणि चालक हे सारे घरबसल्या ठरते. खर्च वाचतो, मनासारखे थांबता येते. मात्र यात एक गोष्ट निसटते. पर्यटन कंपनी निघण्याच्या महिनाभर आधी सूचनांचा कागद पाठवत असे, ‘लस घेतली का’ म्हणून फोनही करत असे. स्वतः आखलेल्या सहलीत हा फोन कोणी करत नाही.

या निसटण्याला एक कारण आहे. पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीवरच्या लसीचे प्रमाणपत्र केनिया त्याच प्रवाशांकडे मागतो, जे या रोगाचा धोका असलेल्या देशातून येतात. भारत अशा देशांत मोडत नाही. त्यामुळे मुंबईहून थेट नैरोबीला जाणाऱ्याने केनियाचे नियम वाचले, तर लस सक्तीची नाही असेच त्याला दिसते, आणि ते खरेही असते. अडचण परतीच्या प्रवासात येते. केनियातून भारतात येणाऱ्याकडे वैध प्रमाणपत्र नसेल, तर भारतीय विमानतळावरील आरोग्य अधिकारी त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. म्हणजे आपल्याच गावात उतरायचे आणि घर अर्ध्या तासावर असताना सहा दिवस अडकून पडायचे. काही वेळा तर विमान कंपनी नैरोबीतच अडवते.

हा नियम कागदी हट्ट वाटू शकतो, पण तसे नाही. पीतज्वराचा विषाणू पसरवणारा एडिस इजिप्ती डास भारतात जागोजागी आहे. डेंग्यू पसरवणारा तो हाच. डास आहे, माणसांची दाटी आहे, प्रतिकारशक्ती मात्र कोणाकडे नाही, आणि विषाणू अजून आलेला नाही. २०१६ मध्ये अंगोलात पीतज्वराची मोठी साथ आली, तेव्हा तिथे काम करणारे काही चिनी नागरिक आजार घेऊन मायदेशी परतले. चीनमध्ये अशा ११ रुग्णांची नोंद झाली आणि आशियात पीतज्वर पोहोचण्याची ती पहिलीच वेळ होती. सुदैवाने साथ पुढे सरकली नाही. केनियातही २०२२ मध्ये इसिओलो भागात या रोगाचे रुग्ण आढळले होते. सहा दिवसांचा आकडाही उगाच आलेला नाही. डास चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सहा दिवस जातात.

लस जुनी आणि भरवशाची आहे. १७-डी नावाच्या ज्या दुर्बल केलेल्या विषाणूपासून ती बनते, त्यावरील कामासाठी मॅक्स थायलर यांना १९५१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एकच डोस पुरतो, आणि जुलै २०१६ पासून त्याचे प्रमाणपत्र आयुष्यभर वैध धरले जाते. पण ते वैध होते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी. शनिवारी निघायचे म्हणून बुधवारी धावत जाऊन घेतलेल्या लसीचे कार्ड निघण्याच्या दिवशी वैध नसते.

ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवर देतात आणि तिथे ठरावीक वारी, आधी नाव नोंदवून जावे लागते. कुपी अनेक डोसांची असते, एकदा मिसळली की सहा तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रे माणसे जमवून बोलावतात. सुट्टीच्या मोसमात तारीख लांबते. त्यामुळे केंद्राची तारीख हाती आल्यावरच विमानाची तारीख पक्की करणे शहाणपणाचे. कार्ड हातात पडताच त्यावरचे नाव व पासपोर्ट क्रमांक, लसीची तारीख, बॅच क्रमांक, सही आणि शिक्का तिथेच तपासावा. एखादी नोंद राहिली तरी कार्ड नाकारले जाऊ शकते.

कुटुंबात सगळ्यांना एकाच मापाने मोजता येत नाही. लस जिवंत विषाणूची आहे. नऊ महिन्यांखालील बाळाला ती एरवी देत नाहीत. अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांना, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांना आणि गर्भवतींना वेगळा विचार करावा लागतो. साठीनंतर प्रथमच लस घेताना गंभीर दुष्परिणामांची शक्यता, कमी असली तरी, वाढते. ‘आई-बाबांनाही नेऊ’ असे ठरवणाऱ्या घरात हा प्रश्न तिकिटांच्या आधी डॉक्टरांसमोर मांडायला हवा. वैद्यकीय कारणाने लस टाळल्याचे पत्र मिळते, पण ते मान्य करायचे की नाही हे पोहोचल्यावर तिथला आरोग्य अधिकारी ठरवतो. मुलांना गोवर किंवा कांजिण्यांची लस द्यायची असेल, तर जिवंत लसींमधल्या अंतराविषयी बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्यावे.

तिकीट स्वस्त मिळते म्हणून आदिस अबाबामार्गे जाणाऱ्यांसाठी एक टीप. इथिओपियाही धोक्याच्या यादीत आहे. तिथे फक्त विमान बदलले आणि विमानतळाबाहेर पाऊल टाकले नाही, तर भारताच्या नियमात सवलतीची तरतूद आहे, पण तीही अधिकाऱ्याच्या संमतीवर. केनियातून पुढे टांझानियात जाणार असाल तर तिथेही कार्ड विचारतात.

एवढे झाले की बहुतेकांना वाटते, आरोग्याचे काम संपले. खरे तर पर्यटकाला पीतज्वरापेक्षा कितीतरी अधिक धोका मलेरियाचा असतो, आणि त्याचे कार्ड कोणी मागत नाही म्हणून तो विसरला जातो. २०२३ मध्ये जगात मलेरियाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे दगावली, त्यातली सुमारे ९५ टक्के जागतिक आरोग्य संघटनेच्या आफ्रिका विभागातली. ‘आपल्याला मलेरिया काय नवा आहे’ हे वाक्य इथे हमखास ऐकू येते. आपल्या शहरांत बरेचदा भेटतो तो व्हायवॅक्स, थंडी वाजून येणारा आणि बहुधा घरीच बरा होणारा. पूर्व आफ्रिकेत बव्हंशी फॅल्सिपेरम आढळतो. गडचिरोलीतल्या डॉक्टरांना तो पुरेपूर माहीत आहे. तो मेंदू, मूत्रपिंड, फुप्फुस यांवर एक-दोन दिवसांत आघात करू शकतो. लहानपणी एकदा मलेरिया होऊन गेला, याचा त्याच्यापुढे उपयोग नाही.

नैरोबी सुमारे १७०० मीटर उंचीवर असल्याने तिथे धोका कमी मानतात. मारा आणि मोंबासाचा किनारा यांच्याबाबत मात्र प्रतिबंधक गोळ्यांचा विचार करावाच लागतो. जुन्या आठवणीतली क्लोरोक्विन तिथे निरुपयोगी आहे. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस रोज घेतात, पण ते ऐनवेळी दुकानात मिळेलच असे नाही. डॉक्सिसायक्लिन रोज, परतल्यावर चार आठवडे; स्वस्त आहे, पण उन्हाने त्वचा भाजू शकते आणि उघड्या जीपमध्ये दिवस काढणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. लहान मुलांना व गर्भवतींना ते देत नाहीत. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा. ते दोन-तीन आठवडे आधी सुरू करावे लागते आणि फिट्स किंवा मानसिक आजाराचा इतिहास असणाऱ्यांना चालत नाही. कोणते कोणाला, हे डॉक्टरांनीच ठरवावे. घरी आल्यावर ‘आता कशाला’ म्हणून गोळ्या सोडणे ही सगळ्यात सामान्य चूक. परजीवी आधी यकृतात दडतो आणि नंतर रक्तात उतरतो, म्हणून तर या शेपटाच्या गोळ्या असतात.

गोळ्या घेऊनही डास टाळायचेच. मलेरियाचा ॲनॉफिलिस संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, नेमका शेकोटीभोवती गप्पा रंगतात त्या वेळी. लांब बाह्या, मच्छरदाणी आणि किमान २० टक्के डीईईटी असलेले मलम. आपल्याकडच्या अनेक मलमांत हे प्रमाण कमी असते, वेष्टण वाचून घ्यावे. आधी सनस्क्रीन, मग हे. कपडे मात्र गडद निळे आणि काळे नकोत; तिकडच्या त्सेत्से माश्यांना हे रंग फार आवडतात. बाकी हिपॅटायटिस-ए आणि टायफॉइडच्या लसी, क्षारसंजीवनीची पाकिटे, बाटलीबंद पाणी, आणि दुर्गम भागातून विमानाने रुग्णालयात हलवण्याचा खर्च देणारा विमा. औषधे कापडी बटव्यात न्यावीत, कारण केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे.

सगळ्यात नाजूक काळ परतल्यानंतरचा. ऑगस्टमध्ये गेलेले कुटुंब गणपतीच्या आसपास घरी येते. बाहेर पाऊस, घराघरांत ताप. फॅल्सिपेरमची लक्षणे चावल्यानंतर किमान सात दिवसांनी, कधी महिना-दोन महिन्यांनी उमटतात. तोवर फोटो वाटून झालेले असतात, बॅगा माळ्यावर गेलेल्या असतात. अंगदुखी, ताप, डोकेदुखी, कधी जुलाब. डॉक्टर व्हायरल म्हणतात किंवा डेंग्यूची तपासणी सांगतात, आणि रुग्ण केनियाचे नावही घेत नाही, कारण त्याच्या लेखी ती सहल संपलेली असते. परतल्यापासून तीन महिन्यांत ताप आला, तर दवाखान्यात शिरताच पहिले वाक्य ‘मी आफ्रिकेत जाऊन आलोय’ हे असावे, तारखांसकट. रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्यावी. पहिला अहवाल निगेटिव्ह आला तरी ताप राहिला, तर बारा ते चोवीस तासांनी ती पुन्हा करावी लागते, गरज पडल्यास तिसऱ्यांदाही.