मुंग्या घालवणारी गोळी, मुंग्या आणणारी गोळी

ऑस्ट्रेलियात ब-६ जीवनसत्त्वाच्या जास्त मात्रेच्या गोळ्या जून २०२७ पासून फार्मासिस्टला विचारल्याशिवाय मिळणार नाहीत, ही बातमी वाचली आणि मी आधी मावशीचा औषधांचा डबा उघडला. मावशीला पंधरा वर्षांचा मधुमेह. रात्री तळपायांची इतकी आग होते की ती पांघरुणातून पाय काढून गार फरशीवर टेकवून बसते. डब्यात डॉक्टरांनी दिलेली ‘नसांची गोळी’ होती, मेडिकलमधून आणलेली ‘ताकदीची’ होती आणि भाच्यानं अमेरिकेहून आणलेली बी-कॉम्प्लेक्सची बाटली होती. तिन्हींत ब-६. बेरीज शंभर मिलिग्रॅमच्या वर गेली. ऑस्ट्रेलियात मर्यादा दिवसाला ५० ठरली आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं तर २०२३ साली प्रौढांसाठी दिवसाला १२ मिलिग्रॅमच सांगितले आहेत.

‘‘अगं, जीवनसत्त्वच आहे ना, जास्त झालं तर लघवीतून जातं,’’ मावशी म्हणाली. हे वाक्य मी शिकल्यासवरलेल्या घरांतही ऐकत आले आहे. डॉक्टर मंडळींचाही बराच काळ असाच समज होता. तो मोडला १९८३ साली. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयातले मेंदूविकारतज्ज्ञ हर्बर्ट शॉमबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. एक तरुणी पाळीआधी येणाऱ्या सुजेवर ब-६ घेत होती. गुण वाटेना म्हणून ती मात्रा वाढवत गेली. सातही जण रोज दोन ते सहा ग्रॅम घेत होते. आधी तळपाय बधिर झाले, मग चालताना तोल जाऊ लागला, पुढे हातही वळेनासे झाले. स्नायूंची ताकद शाबूत होती, पण आपला पाय कुठे पडतोय हेच कळत नव्हतं. कारण संवेदना वाहून नेणाऱ्या नसाच झिजल्या होत्या. गोळी थांबवल्यावर सगळ्यांना उतार पडला, पण त्याला कित्येक महिने लागले. त्यानंतर याहून कितीतरी कमी मात्रेवरही असा त्रास झाल्याच्या नोंदी येत गेल्या. दुखणं आणि त्यावरच्या औषधाचा अपाय एकाच चेहऱ्याचे असतील, तर रुग्ण गोळी वाढवणार नाही तर काय करणार?

मावशीच्या बाबतीत मला जास्त सलतं ते वेगळंच. ती वर्षानुवर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेते. या औषधामुळे ब-१२ चं शोषण कमी होतं आणि ब-१२ कमी पडलं की पायांना मुंग्या येतात. ‘शुगरमुळे’ म्हणून आपण मोकळे होतो. ब-१२ ची तपासणी ब-१२ असलेली गोळी सुरू करण्याआधी व्हायला हवी. नंतर रक्तातला आकडा छान दिसतो आणि मूळ कारण कळत नाही. सोबत फॉलिक अ‍ॅसिड असेल तर रक्तक्षय सुधारतो, पण नसांची हानी आतल्या आत चालूच राहू शकते.

मूत्रपिंडाची गोष्ट याहून गंभीर आहे. कॅनडात मधुमेहानं मूत्रपिंड बिघडलेल्या २३८ जणांवर प्रयोग झाला. काहींना फॉलिक अ‍ॅसिड, ब-६ आणि ब-१२ ची मोठी मात्रा दिली, बाकीच्यांना नुसती दिखाऊ गोळी. २०१० साली निष्कर्ष आले. जीवनसत्त्वं घेणाऱ्यांचं मूत्रपिंड जास्त वेगानं खालावलं होतं. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या घटनाही त्यांच्यातच जास्त होत्या. क्रिअ‍ॅटिनिन वाढलेल्या माणसाला शेजारी सांगतात म्हणून ‘ताकदीची’ गोळी देऊ नका, असं मी हात जोडून सांगते.

नसांच्या गोळ्यांत सर्रास असणाऱ्या अल्फा लिपोइक अ‍ॅसिडमुळे क्वचित काहींच्या शरीरात इन्सुलिनविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि साखर एकदम खाली येते. जपानमध्ये असे रुग्ण बरेच आढळले. गोळीत बायोटिन या जीवनसत्त्वाची मात्रा मोठी असेल तर थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, म्हणून रक्त देण्याआधी लॅबला सांगावं.

मावशीच्या डॉक्टरांना डब्यातल्या तिन्हींपैकी एकच गोळी ठाऊक होती. बाकीच्या दोन म्हणजे ‘औषध थोडंच’, म्हणून मावशीनं कधी सांगितल्याच नव्हत्या. परवा आम्ही अख्खा डबा पिशवीत घालून दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी चष्मा वर सरकवून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली, बाटली बाजूला ठेवली आणि ब-१२, क्रिअ‍ॅटिनिन लिहून दिलं. रिपोर्ट सोमवारी येईल. मावशी अजून रात्री फरशीवर पाय टेकवून बसते.