पित्तक्षारांचा संकेत आणि आतड्यातील जीवाणूंचा प्रतिसाद

प्रस्तावना :
मानवी आतड्यात असंख्य जीवाणू वास करतात. पचनासाठी शरीर जे रस स्रवते, त्यांचा संबंध केवळ अन्नाशी असतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः हे रस जीवाणूंसाठी संकेतही ठरतात. प्रस्तुत लेखात पित्तक्षारांचे उदाहरण घेऊन या संकेतव्यवस्थेचे विवेचन केले असून, प्रतिजैविकांमुळे ती कशी विस्कळीत होते हे स्पष्ट केले आहे.

पित्तक्षारांचा प्रवास :
यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते व त्यांना ग्लायसीन किंवा टॉरीन यांची जोड देते. स्निग्ध अन्न लहान आतड्यात येताच कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक स्रवते, पित्ताशय आकुंचन पावते आणि पित्त आतड्यात उतरते. स्निग्धांशाच्या पचनास साहाय्य केल्यानंतर सुमारे ९५ टक्के पित्तक्षार लहान आतड्याच्या अखेरच्या भागात शोषले जाऊन यकृताकडे परततात.

उरलेला अल्प अंश मोठ्या आतड्यात पोहोचतो. तेथील अनेक जीवाणू ग्लायसीन व टॉरीन वेगळे करतात. त्यापुढील बदल मात्र क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्ससारख्या मोजक्याच जाती घडवू शकतात. त्यातून डिऑक्सिकोलिक व लिथोकोलिक ही द्वितीयक पित्ताम्ले निर्माण होतात.

अशा रीतीने आतड्याच्या प्रत्येक भागात पित्ताचे प्रमाण व स्वरूप भिन्न असते. त्यावरून जीवाणूस आपल्या स्थानाचा बोध होतो. उदाहरणार्थ, साल्मोनेला या रोगजंतूची पेशींत शिरकाव करणारी जनुके पित्ताच्या सान्निध्यात मंदावलेली असतात. आतड्याच्या अस्तराजवळ, जेथे पित्त विरळ होते, तेथे ती कार्यान्वित होतात.

एका बीजाणूची कथा :
क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जीवाणू तीव्र अतिसार व मोठ्या आतड्याचा दाह घडवितो. त्याचे सुप्त बीजाणू जठरातील आम्लातूनही सुखरूप पार पडतात. टॉरोकोलेट हा पित्तक्षार आणि ग्लायसीन एकत्र आढळल्यास हे बीजाणू अंकुरतात, असे सॉर्ग व सोनेनशाइन यांनी २००८ मध्ये दाखविले. हा संकेत ओळखणारे सीएसपीसी हे प्रथिन २०१३ मध्ये निश्चित झाले.

येथे एक लक्षणीय बाब आढळते. द्वितीयक डिऑक्सिकोलिक आम्ल या जीवाणूच्या अंकुरित पेशींची वाढ रोखते. म्हणजेच यकृताने पाठविलेला संकेत रोगजंतूला जागृत करतो, तर त्याच संकेताचे निवासी जीवाणूंनी केलेले रूपांतर त्याला आवर घालते.

प्रतिजैविकांचा परिणाम :
प्रतिजैविके रोगजंतूंबरोबर निवासी जीवाणूंचाही नाश करतात. रूपांतर करणाऱ्या जाती मोजक्याच असल्याने ही हानी विशेष गंभीर ठरते. मोठ्या आतड्यात टॉरोकोलेट वाढते, द्वितीयक आम्ले घटतात आणि बीजाणूंना अनुकूल भूमी मिळते. सुप्तावस्थेतील बीजाणूंवर प्रतिजैविकांचा प्रभाव पडत नसल्याने उपचारानंतर हा रोग पुन्हा उद्भवतो.

या संदर्भात नेदरलँड्समध्ये झालेली व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी महत्त्वाची आहे. वारंवार उद्भवणाऱ्या या विकारात निरोगी दात्याच्या मलातील जीवाणू रुग्णांच्या आतड्यात सोडण्यात आले. पहिल्याच वेळी १६ पैकी १३ रुग्ण बरे झाले. केवळ व्हॅन्कोमायसिन दिलेल्या गटात हे प्रमाण १३ पैकी ४ होते. या यशामागे पित्ताम्लांचे रूपांतर हे एकमेव कारण नाही. अन्नासाठी जीवाणूंमध्ये होणारी स्पर्धाही तितकीच विचारात घ्यावी लागते.

समारोप :
आतड्याचे आरोग्य यजमान व जीवाणू यांच्यातील रासायनिक संवादावर अवलंबून असते. अनावश्यक प्रतिजैविक घेतल्याने या संवादातील एक दुवा निखळतो. भारतात १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ अन्वये अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवणे औषधविक्रेत्यांवर बंधनकारक आहे. परंतु कायद्यास समाजाच्या जाणिवेची जोड मिळाली पाहिजे. साध्या सर्दी-पडशासाठी प्रतिजैविक घेऊ नये, हा नियम सांगताना त्यामागील ही कारणमीमांसाही विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविणे हे अध्यापकांचे कर्तव्य ठरते.