कुसवाराचे तबक

गोव्यातल्या कॅथलिक घरांत नाताळचे वेध लागतात ते नारळ खवायला घेतल्यापासून. सणाला आठ-दहा दिवस उरले की मुले बांबूच्या काड्या आणि रंगीत कागद घेऊन आकाशकंदिलासारखी चांदणी करू लागतात, येशूजन्माच्या गोठ्यात हिरवळ हवी म्हणून नाचणी पेरतात आणि स्वयंपाकघरात कुसवाराची तयारी सुरू होते. कुसवार म्हणजे नाताळचा फराळ.

त्यातले निम्मे जिन्नस मराठी माणसाला ओळखीचे वाटतील. नेवरी ही करंजीच. दोस म्हणजे शिजवून वाटलेली हरभऱ्याची डाळ, साखर आणि खोबरे घोटून पाडलेल्या वड्या. कुलकुले करायला अख्खे घर बसते. पिठाची बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर दाबून पसरायची आणि गुंडाळत सोडवायची. रेघांची शिंपली तयार होते, मग तळण. मराठी घरांशी असलेले हे साम्य सहज टिकलेले नाही. पोर्तुगिजांनी 1510 मध्ये गोवा घेतला. पुढे 1736 मध्ये इन्क्विझिशन या चर्चच्या धर्मन्यायालयाने फर्मान काढून धर्मांतरितांच्या घरातल्या कितीतरी जुन्या चालींवर बंदी घातली. मिठाशिवाय भात शिजवणेसुद्धा त्यात आले. नेवरी मात्र टिकली.

अंड्यांच्या बलकाचे गोड पदार्थ पोर्तुगिजांचे, पण ते इथल्या नारळात मुरले. बिबिंका हा त्यातला सर्वांत चिवट काम मागणारा प्रकार. नारळाचे दाट दूध, साखर, थोडा मैदा, जायफळ आणि भरपूर बलक यांचे सरसरीत मिश्रण करतात. भांड्यात तूप सोडून त्यावर पातळ थर ओततात आणि झाकणावर निखारे ठेवून वरून आच देतात. तो थर तांबूस झाल्याशिवाय दुसरा ओतायचा नाही. रिवाजाने सात थर, हौशी घरांत सोळाही. म्हणजे अर्धा दिवस चुलीपाशी. आता दुकानात बिबिंकेचे खोके बारमाही मिळतात. त्यांना निखाऱ्याचा वास नसतो, पण तेवढा वेळही कोणाकडे उरलेला नाही.

हे सारे घरच्यांपुरते नसते. तबकात मांडून, विणलेल्या रुमालाने झाकून ते शेजारीपाजारी जाते, हिंदू घरांतही; दिवाळीत तिकडून फराळ आलेला असतोच. या वाटपाला ‘कोंसुआद’ म्हणतात. ज्या घरात वर्षभरात कोणी गेले असेल तिथे गोड करत नाहीत, म्हणून तिथे जाणारे तबक आधी निघते.

24 तारखेच्या रात्री सारे नव्या कपड्यांत मिसेला जातात. बऱ्याच गावांत ही मिस चर्चच्या पटांगणात, उघड्यावर होते. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचा राजा सोरपोतेल. डुकराचे मांस आणि काळीज उकडून, बारीक चिरून, परतून माडाच्या व्हिनेगरमधल्या मसाल्यात शिजवतात. दोन-तीन दिवस आधी करून रोज गरम केले की आंबटतिखट आत शिरते. नाताळच्या दिवशी ताजे सोरपोतेल वाढणारी गृहिणी नवखी समजावी. सोबत सान्ना. तांदळाचे पीठ माडाच्या सुरेने फुगवून वाफवलेल्या या सान्नांना हलका गोडवा असतो. माडावर चढणारे रेंदेर कमी झाल्याने आता अनेक घरांत सुरेऐवजी यीस्ट वापरतात. वसईच्या ख्रिस्ती घरांत सान्नांची जागा तळलेल्या, पोकळ फुग्यांना असते.

पाहुणचार पुढेही चालू राहतो. 31 डिसेंबरला पोरे जुन्या कपड्यांत गवत भरून म्हातारा करतात, त्याच्या नावाने नाक्यावर वर्गणी मागतात आणि मध्यरात्री तो जाळतात. 6 जानेवारीला तीन राजांचे फेस्त येते. चांदर, कांसावली आणि रेईश मागूश इथे राजांच्या वेषातली मुले मिरवत चर्चकडे निघतात. त्यानंतर गोठा आवरला जातो आणि डब्यातली उरलीसुरली कुलकुले मुलांच्या वाट्याला येतात.